आठच्या ठोक्याला

वेळ पाळणारं माणूस चांगलं, असं तुम्ही मानता ना? पोरांना तेच शिकवता, हाताखालच्या माणसाला तेच सुनावता. मग एका प्रश्नाचं उत्तर द्या. एका बाईनं उभ्या आयुष्यात एक मिनिट चुकवलं नाही, आणि न चुकवल्यापायीच तिचं जिवापाड जपलेलं मातीत गेलं, तर ती चूक कोणाच्या नावावर लिहायची? बाईच्या? घड्याळाच्या? की तिला एक साधा प्रश्न विचारताना ज्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं, त्यांच्या?

उत्तराची घाई करू नका. आधी बाई कोण ते ऐका.

ती शाळेत शिपाई होती. चार शिपायांतली एक, पण घंटा तिची. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पितळेची जाड थाळी टांगलेली आणि शेजारी खुंटीला लाकडी हातोडा. सव्वीस वर्षांत तो हातोडा दुसऱ्या कोणी हातात घेतला, की तिच्या कपाळाला आठी पडायची. पोरांनी तिचं नाव टोलेबाई पाडलं होतं. एका नव्या मुख्याध्यापिकेला ते आडनावच वाटलं आणि तिनं ते तसंच हजेरीपटावर लिहिलं. टोलेबाईनं दुरुस्त करून घेतलं नाही. सासरचं आडनाव आयतं मिळालं होतं, हे तरी कमावलेलं आहे, असं तिचं म्हणणं.

मध्यंतरी शाळेत विजेची घंटा बसवली. बटण दाबलं की ती मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळायची. टोलेबाई तिच्या आधी एक सेकंद टोल द्यायची. आता हे कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, कधी वाजायचं ते त्या बिचारीला कोणीतरी सांगायला नको का? समोरचा न्हावी दुकानातलं घड्याळ रेडिओवर लावायचं सोडून हिच्या टोलावर लावायचा.

शाळेच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिना चढून गेलं की तिच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, मागच्या खोलीत ओटा आणि दोन खाटा. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो एका दुपारी गाडीखालून बाहेर आला, छातीवर हात ठेवून बाकावर बसला तो उठलाच नाही. मागं राहिल्या दोघी, टोलेबाई आणि तिची धाकटी नणंद.

नणंद म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. पंचविसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून एक पेटी आणि हे मशीन घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली होती. शिवणकाम असं की कापडाला कळू नये कुठं जोडलंय, आणि जिभेला हाड नावाला नाही. भाऊ होता तोवर दोघींच्या मध्ये पडायचा. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता या दोघी महिनाभरही एका छताखाली टिकत नाहीत. दोघीही कुठं गेल्या नाहीत. झाकण न ठेवलेल्या भांड्यावरून, अर्धवट ओढलेल्या पडद्यावरून, मशीनखाली सांडलेल्या दोऱ्यांवरून त्यांचं रोज भांडण व्हायचं, आणि ते झालं की दोघींना जेवण गोड लागायचं.

मग टोलेबाईच्या पायांवर सूज आली. रक्तदाब कधीपासून चढलेला होता, कोणी मोजलाच नव्हता. मोजला तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. रक्त बाहेर काढायचं, यंत्रातून धुऊन परत आत सोडायचं, चार-चार तास. खुर्चीवरून उठली की ती चिपाडासारखी दिसायची. तरी शाळेत यायची. हातोडा दोन्ही हातांनी धरायची.

नणंदेनं घरात कोणाला न सांगता तपासणी करून घेतली. रक्तगट जुळला. रक्ताचं नातं नसल्यानं बाकीचं बेताचंच जुळलं, पण डॉक्टर म्हणाले की चालेल, औषधं जरा जास्त लागतील. नात्याबाहेरच्या दात्याला परवानगी देणारी एक समिती असते. तिच्यासमोर दोघींना बसवलं. लांब टेबलामागून एका साहेबांनी नणंदेला विचारलं, तुमच्यावर वहिनीचा काही दबाव आहे का?

"हिचा दबाव?" नणंद म्हणाली. "साहेब, हिचा दबाव चालला असता तर मी वीस वर्षं भांडले कशाला असते?"

मग देताय कशासाठी, असं त्यांनी विचारलं. नणंदेनं पदर सारखा केला आणि खिडकीकडे बघत उत्तर दिलं.

"ही गेली तर मी भांडू कोणाशी?"

समितीनं सही केली.

ऑपरेशननंतर वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनं टोलेबाईच्या पलंगाशी स्टूल ओढलं आणि गोळ्यांचं शास्त्र समजावलं. सिस्टर हुशार. माणूस कोणत्या कामातलं आहे ते बघून बोलणारी.

ती म्हणाली, शाळेच्या फाटकावर राखणदार असतो ना, तसे शरीरातही असतात, लाखोंनी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रोगाचा जंतू आला की ते धरून हाणतात, म्हणून आपण जगतो. पण ते फार शिकलेले नाहीत. चांगला-वाईट त्यांना कळत नाही, घरचा आणि परका एवढंच कळतं. नणंदेची किडनी तुमचा जीव वाचवायला आली आहे, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना दिसतो परका चेहरा, आणि ते चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवतात. म्हणून या गोळ्या. पहिली, टॅक्रो, राखणदारांची शिट्टी बंद करते. एकानं परका पाहिला तरी बाकीच्यांना हाक जात नाही. दुसरी गोळी राखणदारांची नवी भरती रोखते. तिसरी स्टेरॉइडची, ती एकूण दंगा शांत करते. राखणदार मारायचे नाहीत, त्यांना पेंगुळलेलं ठेवायचं. फार झोपले तर खरे चोर शिरतील, साधा सर्दी-खोकला छातीत उतरेल. जागे झाले तर पाहुणीचा जीव घेतील.

"आणि हे किती दिवस?" टोलेबाईनं विचारलं.

"ती आत आहे तोवर. राखणदार तिला कधीच घरची मानणार नाहीत. सकाळी आठ, रात्री आठ. आठ म्हणजे आठ, बाई. पाच मिनिटंही इकडे-तिकडे नको."

हे कोणाला सांगत होती ती? सव्वीस वर्षं पितळेवर वेळ ठोकणाऱ्या बाईला. टोलेबाईला मनातून बरं वाटलं. इतका मोठा आजार आणि त्याची किल्ली असलेली गोष्ट तिला आधीच येत होती.

पाहुणी हा शब्द घरी आला आणि राहिला. रोज सकाळी नणंद मशीनवर बसताना विचारायची, "वहिनी, पाहुणी कशी आहे?" टोलेबाई म्हणायची, मजेत आहे, तुमच्यासारखी कटकट करत नाही. स्टेरॉइडनं चेहरा गोल झाला तेव्हा नणंद म्हणाली, आधी हिचं तोंड रागानं फुगायचं, आता गोळीनं फुगतं, मला बाई फरकच कळत नाही. टॅक्रोनं हाताला बारीक कंप सुटला. हातोडा थाळीवर पडला की मोठ्या टोलामागून एक छोटा, चुकार टोल यायचा. पोरांना मजा वाटायची. टोलेबाईला लाज वाटायची, पण ती लाज तिनं गिळली. गर्दीत तोंडाला मास्क, कापलेलं उघडं फळ बंद, आजारी पोराजवळ जाणं बंद, आणि आठच्या ठोक्याला गोळी. पाच वर्षं पाहुणी सुखात नांदली.

दर दोन-तीन महिन्यांनी रक्तातली टॅक्रोची पातळी तपासायची असायची. तिचा आकडा पाच ते आठच्या मध्ये हवा. दवाखान्याच्या जुन्या इमारतीत रक्त घेणारा माणूस साडेसातलाच सुई घेऊन बसायचा. टोलेबाई पहिला नंबर लावायची, रक्त द्यायची, बाहेरच्या बाकावर बसून आठ वाजता गोळी घ्यायची आणि शाळेत जायची. रक्त इतक्या सकाळी का घेतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, त्या माणसाला लवकर घरी जायचं असेल.

सहाव्या वर्षी दवाखान्याची नवी इमारत झाली. काचेचे दरवाजे, टोकन देणारं यंत्र, थंडगार फरशी. रक्ताची खिडकी आता नऊला उघडायची, आणि नंबर यायला पावणेदहा. सगळ्यांनी कौतुक केलं. या बदलानं कोणाच्या औषधाची वेळ उलटीपालटी होईल, हा विचार ज्यांना पगार मिळतो त्यांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. फॉर्मवर एक रकाना होता: शेवटची गोळी कधी घेतली? जुन्या इमारतीत सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, म्हणून रक्त घेणाऱ्यानं रबरी शिक्का करून घेतला होता. "काल रात्री ८." इमारत बदलली, वेळ बदलली, शिक्का तोच राहिला. धपाधप, धपाधप, प्रत्येक फॉर्मवर.

आणि टोलेबाई? ती सवयीनं साडेसातला येऊन रांगेत उभी राहायची. आठ वाजले की पिशवीतून डबी काढायची, बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची, आणि पावणेदहाला दंड पुढे करायची.

रांगेत तिची दोन माणसांशी ओळख झाली. एक कार्यालयातली टायपिस्ट, बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेली. तिच्या अंगात परकं काहीच नव्हतं. तिचे राखणदार आपल्याच घरच्यांना बडवत होते, आणि त्यांना आवरायला तिलाही याच जातीच्या गोळ्या लागायच्या, थोड्या सौम्य. तुमच्याकडे निदान पाहुणी तरी आहे, ती म्हणायची, माझ्याकडे तर घरचेच घरच्यांच्या जिवावर उठलेत. तिला पातळी तपासावी लागत नसे, नुसती रक्ताची मोजणी असायची. दुसरा छापखान्यातला म्हातारा जुळारी. आयुष्यभर शिशाचे खिळे जुळवून पानं लावलेला. त्याला मुलाच्या यकृताचा तुकडा बसवला होता आणि तोही टॅक्रोवरच होता. या दवाखान्यात नवा आला होता. गोळीच्या वेळेचं त्याचं रडगाणं होतं. कधी साडेआठ, कधी नऊ. टोलेबाईनं त्याला फैलावर घेतलं. छपाईत एक अक्षर उलटं बसलं तर चालायचं का दादा? मग गोळीत कसं चालेल? पुढच्या खेपेपासून आठ वाजले की ती हात वर करून दोन बोटं हलवायची, आणि म्हातारा शाळकरी पोरासारखा मुकाट्यानं गोळी गिळायचा.

नव्या इमारतीत टोलेबाईचा पहिला आकडा आला तेरा. डॉक्टर तरुण होता, कामसू होता, बाहेर साठ माणसं बसली होती. त्यानं फॉर्मवरचा शिक्का पाहिला, आकडा पाहिला, आणि गोळी कमी केली. टोलेबाई घरी नाचतच आली. पाहुणी रुळली, गोळी कमी झाली. नणंदेनं त्या आनंदात तिच्यासाठी नवं पोलकं शिवलं आणि पाठीला मुद्दाम सैल ठेवलं, कारण भांडायला काहीतरी हवं.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. अकरा. गोळी आणखी कमी.

हाताचा कंप थांबला. टोल पूर्वीसारखा पडू लागला, एकच, स्वच्छ, लांबवर जाणारा. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला आणि म्हणाला, बाई, आज घंटा तरुण झाली. टोलेबाई दिवसभर हसत होती. अंगातलं औषध ओसरतंय म्हणून हात थांबलाय, हे न्हाव्याला कुठून कळावं? तिलाही कळलं नाही. तो स्वच्छ टोल म्हणजे आत राखणदारांचे डोळे उघडत होते.

मग क्रिएटिनिन वाढायला लागलं. किडनी नीट गाळत नाही, असं सांगणारा तो आकडा एकावरून दोनाकडे सरकला. आता बघा, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला कसं होतं ते. टॅक्रो रक्तात फार झालं तरी किडनीला इजा होते आणि क्रिएटिनिन वाढतं. कागदावर पातळी जास्त, क्रिएटिनिन जास्त. डॉक्टरनं निष्कर्ष काढला की औषधच बाधतंय. पुस्तकाप्रमाणे बरोबर होता तो. त्यानं गोळी तिसऱ्यांदा कमी केली.

महिन्याभरात पायांवर सूज आली. नणंदेनं सकाळी पाहुणीची चौकशी केली तेव्हा टोलेबाईनं पाय खाटेखाली ओढून घेतले आणि मजेत आहे म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती नणंदेशी खोटं बोलली, आणि नणंदेला ते लगेच कळलं. त्याच दिवशी रिक्षा करून तिनं तिला दवाखान्यात नेऊन भरती केलं.

किडनीचा तुकडा काढून तपासला. राखणदार आत घुसून बसले होते. शिरेतून स्टेरॉइडचा मोठा मारा केला, मग राखणदारांना मुळापासून झोपवणारं जबरी औषध दिलं. टोलेबाई तापानं फणफणली, तोंडभर फोड आले, पाणी गिळता येईना. वॉर्डात पातळीसाठी रक्त सकाळी सहाला घेतात. आकडा आला अडीच.

डॉक्टर तो कागद घेऊन पलंगाशी आला. बाहेर अकरा आणि इथं अडीच. त्याला वाटलं प्रयोगशाळेची चूक. त्यानं पुन्हा रक्त काढायला लावलं. पुन्हा अडीच. मग तो स्टुलावर बसला आणि पाच वर्षांत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यानं विचारला.

"बाई, खिडकीवर रक्त देता, त्या दिवशी सकाळची गोळी कधी घेता?"

"आठ वाजता," ती म्हणाली. ओठ फाटले होते, तरी आवाजात ताठा होता. "रांगेतच घेते. पाच वर्षांत एक मिनिट चुकले नाही, डॉक्टर."

तो कागदाची घडी घालत राहिला, उघडत राहिला.

टोलेबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शाळेत काच फोडलेल्या पोराचा चेहरा ती लांबून ओळखायची. काय झालं ते सांगा, म्हणाली. त्यानं सांगितलं. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत औषध रक्तात सगळ्यांत जास्त असतं, मग उतरत जातं. पुढची गोळी घ्यायच्या जरा आधी ते सगळ्यांत कमी असतं, आणि मोजायचं असतं ते तेवढंच. पाच ते आठ हा हिशेब त्या वेळेचा. म्हणून आधी रक्त, मग गोळी.

टोलेबाई मग हळूच म्हणाली, म्हणजे टोल दिल्या दिल्या थाळीला कान लावला, तर आवाज मोठाच येणार. विरत विरत पुढच्या टोलापर्यंत किती उरतो, ते तुम्हाला ऐकायचं होतं.

"हो," डॉक्टर म्हणाला. "मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं, बाई."

असं म्हणणारा डॉक्टर विरळा, हे मान्य. पण चुकलं म्हटल्यानं किडनी परत येत नाही.

ती रडली नाही. एकदम कोपरावर रेलून उठायला लागली, हातातली सुई ओढली गेली, नळीत रक्त चढलं. "जुळारीदादा," ती म्हणाली. "यकृतवाला म्हातारा. त्याला मी शिकवलंय, आठच्या ठोक्याला घ्यायला. त्याचीपण गोळी कमी केलीत का?"

कमी केली होती. आठवड्यापूर्वी, एकदा. दुपारपर्यंत त्याला घरून बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गोळीच्या आधी रक्त काढलं, तर पातळी तळाला. त्याचं यकृत अजून शाबूत होतं. गोळी वाढवली, तो वाचला. म्हातारा वॉर्डात तिला बघायला आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन.  खिळे जुळवणाऱ्या माणसाला शब्द जुळेनात. तिनं हात हलवून त्याला बसायला सांगितलं आणि मास्क नीट बांध म्हणून रागावली.

नणंदेनं दिलेली किडनी भरती झाल्यापासून तेविसाव्या दिवशी बंद पडली.

घरी आल्यावर टोलेबाईनं सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही. नणंद मशीनवर बसली होती, हातात कोणाची तरी बाही. तिनं ऐकून घेतलं, दोरा दातांनी तोडला, आणि बाही पूर्ण केली. त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टोलेबाई तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, वन्सं, मला शिव्या घाला, मारा, पण बोला. मशीन चालूच राहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी नणंद मशीनवर बसताना सवयीनं म्हणून गेली, "वहिनी, पाहुणी कशी..." आणि थांबली. चाकावर हात तसाच राहिला. खाली गल्लीतून शाळेला निघालेल्या पोरांचा कालवा वर येत होता. मग ती उठून मागच्या खोलीत गेली, आणि तिथून तिचा आवाज आला, दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवायला तुझे हात झिजतात का गं वहिनी, रोज रोज मीच बघायचं का?

टोलेबाई खाटेवर बसून रडली. पोटभर रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दवाखान्याकडे तक्रार नणंदेनं केली. चार पानं लिहिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: रुग्णास योग्य त्या सूचना वेळोवेळी देण्यात आल्या होत्या. वेळोवेळी! त्यांना तो शब्द वापरताना लाज वाटली नाही.

टोलेबाईनं कागदाचा रस्ता धरला नाही. पुन्हा डायलिसिस सुरू झालं होतं, तीन दिवस त्यात जायचे. एका मोकळ्या दिवशी ती साडेसातला रक्ताच्या रांगेत जाऊन उभी राहिली. खिडकी उघडल्यावर रक्त घेणाऱ्याला म्हणाली, हा शिक्का बंद करा. तो म्हणाला, वरून सांगितल्याशिवाय कसा बंद करू? बरं, म्हणाली. तो सुई घ्यायला वळला तेवढ्यात तिनं खिडकीतून हात घातला, शिक्का उचलला, पिशवीत टाकला आणि निघून गेली. त्या दिवसापासून तो रकाना हातानं भरावा लागायला लागला. हातानं भरायचं म्हटल्यावर विचारावं लागलं. नवा शिक्का मागवायचा अर्ज म्हणे अजून वरच आहे.

एवढ्यावर ती थांबली नाही. शाळेची नोकरी सुटली होती. हातोडा आता पेलवत नव्हता. डायलिसिस नसेल त्या सकाळी ती रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत चालत जायची आणि एकेकाला विचारायची, पातळीचं रक्त आहे का? गोळी घेतलीत का? घेऊ नका अजून. डबी हातात ठेवा, रक्त दिलं की लगेच घ्या. काहींना ती खुळी वाटली. सुरक्षारक्षकानं दोनदा बाहेर काढलं. तिसऱ्यांदा टायपिस्टबाई आणि जुळारी तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि तो रक्षक पाणी प्यायला निघून गेला.

असं चौदा महिने चाललं. मग एका सकाळच्या पाळीत, डायलिसिसच्या खुर्चीवर, तिचं हृदय थांबलं. नणंद शेजारीच बसून काजं करत होती. यंत्राची शिट्टी वाजली, धावपळ झाली, आणि थोड्या वेळानं सगळं शांत झालं. तिच्या मांडीवर अर्धं काज तसंच राहिलं. नंतर कोणीतरी सांगितलं की त्याच वेळी शाळेत विजेची घंटा, आता रोज वाजायची तशी, एकटीच वाजली.

घरी आवराआवर करताना नणंदेला मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली तो शिक्का सापडला. शाई वाळून गेलेली. बाजूला गोळ्यांची डबी, रिकामी, स्वच्छ पुसलेली. आतली किडनी गेली तरी त्या बाईनं डबी टाकली नव्हती.

आता त्या रांगेत नणंद जाते, आठवड्यातून दोनदा. तिला गोड बोलता येत नाही. गोळी घेतलीस का रे, असं दरडावून विचारते, आणि माणसं घाबरून खरं सांगतात. तिच्या कुशीवर ऑपरेशनचा लांब व्रण आहे. पावसाळी हवेत तो ओढतो म्हणते. तिच्या अंगात एक किडनी कमी आहे आणि घरात एक माणूस, आणि सकाळी मशीनवर बसताना तिचं तोंड अजूनही कधीकधी उघडतं आणि मिटतं.

पहिला प्रश्न विसरला नाहीत ना? चूक कोणाची ते ठरवत बसा, आयुष्य पडलंय. त्याआधी एक काम करा. तुमच्या घरात, शेजारात, कचेरीत कोणी दुसऱ्याचा अवयव घेऊन जगत असेल, किंवा आपल्याच राखणदारांना आवरायला अशा गोळ्या घेत असेल, तर गोळ्या मनानं कमी करू नका, बंद करू नका, हे त्याला सांगा. आणि ज्या दिवशी तो पातळीचं रक्त द्यायला निघेल, त्या सकाळी त्याला दारात अडवा. रागावला तर रागावू दे. विचारा: आजची गोळी घेतलीस का? घेतली असेल तर खिडकीवर तसं सांगायला लावा, किती वाजता घेतली ते समोर उभं राहून लिहून घ्यायला लावा. नसेल घेतली, तर डबी त्याच्या हातात द्या आणि म्हणा, आधी रक्त दे, मग गोळी घे. एवढं विचाराल ना?